गोलकीपरचा नियम

"अकरात गोलकीपर पाहिजेच, हा काय हट्ट आहे राव?" चाकणच्या कंपनीत, कँटीनच्या टेबलावर मॅनेजर वाघोले साहेब ताटात बघून कुरकुरले.

डिपार्टमेंटच्या ग्रुपवर फुटबॉलची लीग चालायची. खऱ्या सामन्यांतले अकरा खेळाडू निवडून आपला संघ लावायचा, ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. साहेब एकदा संघ लावायला विसरले, तेव्हा सामना संपल्यावरही संघ लावता येतो, असं ठरलं. मग त्यांचा स्ट्रायकर बाकावरच बसून राहिला, तर बसण्यालाही गुण ठेवले. या रविवारी त्यांनी गोलकीपरच घेतला नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे त्यांचा संघ बाद ठरत होता.

"गोलकीपर म्हणजे जुना विचार झाला, साहेब," त्यांच्या हाताखालचा सयाजी म्हणाला.

"नुसता उभा तर असतो," समर्थने घास हातात धरूनच मान डोलावली.

नियम ग्रुपवर टाकायचं काम ट्रेनी आम्रपालीकडे होतं. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे शुक्रवारी साहेबच ठरवणार होते, म्हणून आधीचे दोन्ही बदल तिने मुकाट टाकले होते. आज तिने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.



"नियम बरोबरच आहे, साहेब. तुम्ही हरलाय."