काचेमागची पूड

फ्रेमवाल्याने आयुष्यात चिकार चित्रं मढवली होती, पण एकोणिसाव्या शतकातलं हे पेन्सिलीचं झाड पाहून त्याने सरळ हात जोडले. खोडाची साल अशी, की बोट फिरवलं तर खरचटेल!

काच घट्ट बसवूनही आत, तळाशी, रोज पेन्सिलीची ताजी पूड साचायची. तो फ्रेम उघडून ती झाडायचा आणि दारातल्या झाडाच्या सावलीत चित्र न्याहाळत बसायचा. रोज एखादी फांदी आणखी जिवंत झालेली असायची.

"चितारी मरून जमाना झाला, पण गडी अजून हात फिरवतोय," तो कौतुकाने म्हणायचा.

"अहो, हे आपल्या दारातल्या झाडासारखंच आहे की," काल बायको म्हणाली.

"छे गं! याच्यापुढे आपलं झाड म्हणजे नुसता कच्चा आराखडा."

आज सकाळी काचेमागे पूड नव्हती. खोडरबराचा भुगा होता, चांगला मूठभर.

त्याने भिंग लावून पान न् पान तपासलं. एक रेघही पुसलेली नव्हती. मग खोडलं तरी काय?

"अहो," बाहेरून बायकोची हाक आली, "दारात आज एवढं ऊन कसं आलं?"