वीस इंच पाणी

फाटकासमोर स्कूटर थांबली तेव्हा मास्तर सात वर्षांच्या मुलीची वाट बघत होते. उतरली ती दहा वर्षांची.

लांब पाय, मानेपर्यंत कापलेले केस, पाठीवर निळी पिशवी. मास्तरांची नजर तिच्यावरून घसरून मागच्या सीटवर गेली, आणखी कोणी उतरायचं राहिलंय का म्हणून. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तीन उन्हाळ्यांनी बापलेकीची भेट होत होती.

मुलीच्या आईने हेल्मेट काढलं नाही. फाटकावरची 'लहान मुलांचा तलाव' ही पाटी तिने वाचली.

"इथे?"

"घराजवळ आहे," मास्तर म्हणाले. "पाणीही स्वच्छ आहे."

"सहाला घ्यायला येते." स्कूटर निघून गेली.

"तुम्ही खूप वेळ थांबलात का?" मुलीने विचारलं.

ते 'तुम्ही' ऐकून ओठांवर आलेलं 'चिमणे' मास्तरांनी गिळून टाकलं.

"छे गं, हा काय आत्ताच आलो." येऊन दोन तास झाले होते.

जागा काही त्यांनी उगाच निवडली नव्हती. शिलाईचं दुकान बंद केलं की महिनाभर ते रोज एक तलाव बघायला जात होते. एक फार खोल, एकाच्या पायऱ्या निसरड्या, एकाचं पाणी हिरवट. पोरीला पाण्याची भारी धास्ती. डोक्यावरून अंघोळ घालायची म्हटलं तरी घर डोक्यावर घ्यायची. म्हणून ते खिशातून मापाची फीत काढत आणि टोकाला दुकानाची किल्ली बांधून ती पाण्यात सोडत. "मास्तर, तलावाला झबलं शिवताय की काय?" असं इथल्या शिट्टीवाल्या रखवालदाराने विचारलं होतं. मास्तर हसले, पण चारही कोपरे मोजल्याशिवाय हलले नाहीत. सगळीकडे वीस इंच. म्हणजे तिच्या कमरेच्याही खाली. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

आता पुढे चालणाऱ्या मुलीचं त्यांनी मागून नजरेनेच माप घेतलं. हातातल्या पिशवीत टॉवेलच्या कापडाचा झगा होता, पाण्यातून बाहेर आल्यावर घालायला. माप जुनंच धरलं होतं. दुसरं त्यांच्याकडे नव्हतंच. लहान पोरांचं वाढत्या अंगाचं शिवावं, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला ते ऐकवत, म्हणून झग्यालाही चार बोटं जास्तीची सोडली होती. चार बोटं कुठली, पोरगी विताहून जास्त वाढली होती. मास्तरांनी पिशवी पायाने बाकाखाली ढकलली.

मुलगी कपडे बदलून आली. काळा पोहण्याचा पोशाख, टोपी, डोळ्यांवर चष्मा. तलावात रबरी चाकं घातलेली चार-पाच बाळं हातपाय मारत होती आणि त्यांच्या आया त्यांना धरून वाकल्या होत्या.

"किती पाणी आहे?"

"वीस इंच. अजिबात घाबरायचं नाही हं. मी आहे इथे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "मी आठ फुटांत पोहते आता," ती हळूच म्हणाली. "शाळेत पदक पण मिळालं."

"अरे वा!" मास्तर जोरात म्हणाले, जरा जास्तच जोरात. कोणी शिकवलं, कधी शिकवलं, पहिल्यांदा पाण्यात उतरताना ती कोणाच्या गळ्यात पडली, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "मोठा तलाव आहे एक. बसने तासभर लागेल. पण..." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. पोचायच्या आत परत फिरावं लागलं असतं.

महिनाभर एवढी वणवण केली आणि पोरीला आणलं ते फजितीच्या जागी. पुढच्या उन्हाळ्यात ती यायचं नावसुद्धा काढणार नाही.

मुलगी पाण्यात उतरली. पाणी गुडघ्यांच्या जरा वर आलं. ती मधोमध तशीच उभी राहिली.

"काय ताई," शिट्टीवाल्याने विचारलं, "धाकटा भाऊ कुठाय तुझा?"

"भाऊ नाही. मीच आलेय."

एक आई हसली. मास्तरांनी मान खाली घातली आणि ते फितीचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा मुलगी दिसेना. मग तिचं डोकं दिसलं. ती तलावात मांडी घालून बसली होती आणि पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. चष्मा तिने काढून मनगटात अडकवला होता. तशीच बसल्या बसल्या, हातांनी तळ ढकलत ती सरकत सरकत पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि तिने एक हात वर केला.

"बाबा, इकडे खोल आहे. मला धर ना!"

त्या कोपऱ्यातही वीसच इंच होतं. मास्तरांनी तो दोनदा मोजला होता. ते बाकावरून उठले आणि चपलांसकट पाण्यात उतरले.