‘रु’पाशी अडलेली बाराखडी

“‘रु’,” निशिदाबाई पुन्हा म्हणाल्या. “‘रु’ने सुरू होणारं एखादं तरी गाणं. आठवून बघा.”

भिंतीलगत बसलेल्या बायका मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. स्टोव्हवरची किटली तेवढी वाफ सोडत होती.

त्सुनामीच्या लाटेने गाव नेलं तेव्हा उरलेल्यांसाठी टेकडीवर पत्र्याची तात्पुरती घरं उभी राहिली. माणसं दारं लावून आत बसू लागली. निशिदाबाईंचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता, त्यांना ते बघवेना. त्यांनी सगळ्यांना दर बुधवारी सभाखोलीत बोलावून गाण्यांची जपानी बाराखडी सुरू केली. एका वेळी एक अक्षर. गाण्याचं नाव त्याच अक्षराने सुरू झालं पाहिजे, आणि एक तरी गाणं झाल्याशिवाय पुढच्या अक्षरावर जायचं नाही. ‘आ’ला तर दुपार पुरली नव्हती. पण जपानीत ‘रु’ने सुरू होणारे शब्दच मुळात थोडे. अख्खा हिवाळा ‘रु’वर अडून राहिला. पुढे फक्त ‘रे’, ‘रो’ आणि शेवटी ‘वा’ उरले होते.

‘वा’ शिगेआजींचा होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी मागून घेतला होता. त्यांच्या लग्नात नवऱ्याने बेसूर म्हटलेलं एक गाणं ‘वा’ने सुरू व्हायचं, ते त्यांना एकदा सुरात म्हणून दाखवायचं होतं.

“आजी, ‘वा’ येईस्तोवर दात टिकतील ना?” शेजारच्या घरातला यासुओ दर बुधवारी विचारायचा.

“दात कधीच गेले रे. आवाज आहे तोवर तू गप्प बस.”

आज यासुओने विचारलं नाही. सोमवारी आजींना शहरातल्या इस्पितळात हलवणार होते. त्या परत येतील असं कोणी म्हणत नव्हतं. त्या रजई पांघरून भिंतीला टेकल्या होत्या आणि दोन शब्दांमध्ये श्वासासाठी थांबत होत्या.

दाराजवळ तोकुजि बसला होता. हातातला चहा निवून गेला होता. त्याला ‘रु’चं एक गाणं येत होतं.

‘रुसुबान’. म्हणजे घर राखत बसणं. नवरा समुद्रावर गेलेला आणि बायको मागे घर राखते आहे, एवढंच त्या गाण्यात होतं. हात्सुए, त्याची बायको, चुलीपाशी उभी राहून ते म्हणायची. त्याचा जन्म बोटीवर गेला, त्यामुळे घराबाहेर त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. आता हात्सुए नाही, म्हणजे ते गाणं आपल्या एकट्याच्याच डोक्यात उरलंय, अशी त्याची खात्री होती. सगळा हिवाळा त्याने ते जिभेखाली दाबून ठेवलं होतं.

कारण लेकीला, मिहोकोला, त्याने शब्द दिला होता, तोही सगळ्यांसमोर. “बाराखडी संपू दे, मग येतो तुझ्याकडे.” ती डोंगराआड राहायची. तिथून समुद्र दिसत नाही. हात्सुए अजून सापडली नव्हती. इथे निदान सकाळी दार उघडलं की खाडी समोर असायची. तिकडे बघत तो हात्सुएला म्हणायचा, “उठलीस का?” आणि मग तोंड धुवायचा.

“शिगेआजी,” निशिदाबाई खाली वाकून हळूच म्हणाल्या, “‘रु’ सोडून देऊ या आपण. सरळ ‘वा’च घेऊ. कोणी काही म्हणणार नाही.”

“वा गं वा. पोरांना नियम शिकवायचे आणि...” आजी श्वासासाठी थांबल्या. “आणि आपण मोडायचे? ‘रु’ होऊ दे आधी. मला घाई नाही.”

तोकुजिने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते. घाई नाही म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. उद्या सकाळी खाडीसमोर उभं राहून हात्सुएला काय सांगायचं, हे तोकुजिला कळेना. म्हातारीचं गाणं अडवून मी तुझ्याजवळ राहिलो, असं सांगायचं?

त्याने कप खाली ठेवला.

“मला एक येतं,” तो म्हणाला.

“राहू दे रे तोकुजिदादा,” यासुओ घाईघाईने म्हणाला. “पुढच्या बुधवारी म्हण.”

“पुढच्या बुधवारी आजी इथे नाहीत.” तोकुजि उभा राहिला. “हात्सुए म्हणायची. तुम्ही कोणी ऐकलं नसेल.”

निशिदाबाई बाजाच्या पेटीपाशी जाऊन बसल्या, पण हात मांडीवरच ठेवले.

तोकुजिचा आवाज वाळूसारखा खरखरीत होता. “खिडकीत दिवा ठेवलाय, घर मी राखते आहे...” एवढी एकच ओळ त्याने पार पाडली. पुढची समोर स्पष्ट उभी होती, पण तो तिथेच थांबला.

दुसरी ओळ बायकांनी उचलली. एकीने नव्हे, भिंतीलगतच्या सगळ्यांनी. पुरुष समुद्रावर असताना किनाऱ्यावरच्या शेडमध्ये हात्सुएच्या शेजारी बसून समुद्री शेवाळ कापण्यात ज्यांची उमर गेली होती, त्या सगळ्या जणी. कोणी कोणाकडे बघितलं नाही, कोणी अडखळलं नाही. सगळा हिवाळा ते गाणं त्यांनीही जिभेखाली दाबून ठेवलं होतं, तोकुजिसाठी. आणि सगळ्यांच्या पुढे आवाज होता तो शिगेआजींचा. श्वासासाठी त्या थांबत होत्या, शब्दासाठी एकदाही नाही.