दीवच्या किल्ल्याची भिंत

किल्ल्याच्या दारात पोचताच सुपडूनानांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी बैठक मारली.

"तुम्ही जा. मी आठेच बसस," ते म्हणाले. "माले काय समजी त्यातलं?"

वाल्मिकने बायकोकडे पाहिलं. बघ, मी सांगत नव्हतो? असं त्या बघण्यात होतं. सुषमाने नजर दुसरीकडे वळवली. सासऱ्यांना दीवला आणायचा हट्ट तिचाच. दिवाळीत खातं, म्हणजे कापडाच्या मागांचा कारखाना, बंद झालं, माग थांबले, की सुरतेतले सगळे खानदेशी गावाकडची गाडी पकडतात. यंदा पोरीला आणि नानांना एकदा खरा समुद्र दाखवू, म्हणून ती मागे लागली होती. "डुमसला जातोच की आपण," वाल्मिक म्हणाला, तर "तो समुद्र नाही, गाळ आहे," असं म्हणून तिने त्याचं तोंड बंद केलं होतं.

आणि समुद्र तिच्या बोलण्याला जागला. सकाळी नागोआच्या किनाऱ्यावर तो समोर आला, तेव्हा तिच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. इतका निळा रंग तिने पांडेसऱ्यात रंगून आलेल्या ताग्यावरच पाहिला होता, आणि तो पहिल्या धुण्यात जायचा. हा जात नव्हता. पुन्हा पुन्हा धुतला जात होता आणि तसाच होता. गंगेश्वराला पाच पिंडींवरून लाट आली, फुलं घेऊन परत गेली. सुषमाने हात जोडले, पण काही मागायचं राहूनच गेलं.

लेक धनश्री उंटावर बसली. वाळूत लोळली. नाना सगळीकडे मागून आले, चपला राखत बसले, सगळे हसले की तेही हसले.

सव्वीस वर्षं मागावर काढली होती त्यांनी. त्या खडखडाटाने कान कधी खाल्ले ते त्यांनाही कळलं नाही. घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे आता सगळं घरच ओरडून बोलायचं. गंगेश्वराच्या पायऱ्यांवर "नाना, प्रसाद घ्या!" असं वाल्मिक ओरडला, तर सणासुदीचं भांडण समजून एक गुजराती बाई लगबगीने मध्ये पडल्या. "तहेवारमां शाने झगडो छो, भाई?"

तेव्हा हसू आलं होतं. पण उंटावरून उतरल्यावर धनश्री आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "मम्मी, नाना खोटं खोटं हसतात. त्यांना समुद्र ऐकूच येत नाही." तेव्हापासून सुषमा वळून वळून नानांकडे बघत होती. एवढ्या लांब आणून आपण म्हाताऱ्याला नुसतं पिशव्यांजवळ बसवलं, हेच घेऊन घरी जायचं का?

आत्ताही ते बसलेच होते.

"राहू दे त्यांना," वाल्मिक म्हणाला.

सुनेने सासऱ्याच्या पायाला हात लावावा, हात धरायची रीत नाही. सुषमाने डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली वाकली आणि नानांचा हात धरला. नाना इतके दचकले की उठूनच उभे राहिले. मग तिने तो हात सोडलाच नाही.

वर तोफा होत्या. तिन्ही बाजूंनी पाणीच पाणी. भरती लागली होती. समुद्राकडच्या अंगाला खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. तिथे नानांचा पाय जरासा सरकला आणि तोल सावरायला त्यांनी भिंतीला हात लावला.

हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा लावला.

त्यांनी चपला काढल्या. दगडावर अनवाणी उभे राहिले, मान खाली घालून.

"नाना, चक्कर येते का?" सुषमा घाबरली.

"थांब," वाल्मिक हळूच म्हणाला. त्याला इतकं हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "खात्यात असेच उभे राहायचे ते. चोवीस मागांतला कुठला बंद पडला, ते जमिनीच्या हादऱ्यावरून त्यांच्या पायाला कळायचं."

नानांनी मान वर केली. "कितला माग व्हतीन रे, या भीतमागे?"

"माग नाही, नाना!" वाल्मिक त्यांच्या कानात ओरडला. "समुद्र! लाटा आपटताहेत!"

नानांनी कठड्यावरून खाली पाहिलं. दूर एक लाट उभी राहिली, चालत आली, तटाच्या पायावर फुटली. त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. दुसरी आली. फुटली. पुन्हा तळव्याकडे.

"रातदिन?"

"रातदिन!"

"दिवाळीतबी सुट्टी नही?"

धनश्री खिदळली. वर तोफांशी फोटो काढणारी माणसं या आरडाओरड्याने वाकून खाली बघायला लागली. नानांना समुद्र ऐकू आला, हे धनश्री त्यांना गुजरातीत सांगत सुटली, "अमारा नानाने दरियो संभळायो!" सुषमाला एकदम हसू आणि रडू आलं. तिने पदराचं टोक दातांत धरलं.

नानांनी आता दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले होते. मग गालही टेकवला, तापलेल्या दगडावर. डोळे मिटले.

खाली दाराशी पिशव्या तशाच पडल्या होत्या, बसची वेळ झाली होती. वाल्मिक पुढे झाला, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "नाना, चला आता! बस सुटेल!"

नानांनी डोळे उघडले नाहीत.

"गप ऱ्हा रे जराखा," ते म्हणाले. "आयकू द्या माले."