वाहवा मंजूर

"उचलू का, सर?" सापांच्या फोरमवर एका कोंबडीवाल्यानं खुराड्यातल्या सापाचा फोटो टाकला होता. सर्वाधिक गुणांच्या सरांनी उत्तर दिलं, "अजगराचं पिल्लू. बिनधास्त उचल."

फोटो बघून फोरमवरची एक सभासद ताडकन उठली. अजगर कसला, ही तर घोणस! अंगावरची साखळीसारखी नक्षी लांबूनही दिसत होती. तिनं तसं लिहिलं. पण मागे सरांची चूक दाखवली, म्हणून उद्धट ठरवून तिचे सगळे गुण कापले होते. शून्य गुणवाल्यांची प्रतिक्रिया मॉडरेटरनं मंजूर केल्याशिवाय कुणाला दिसत नसे.

"पोतं आणलंय, सर. घालतो हात."

तिची प्रतिक्रिया अजून अडकलेलीच. दातओठ खात तिनं दुसरी लिहिली, "वा सर, काय नजर आहे!" मॉडरेटरनं ती लगेच मंजूर केली. मंजूर झालेलं बदलायला मात्र परवानगी लागत नव्हती. तिनं वाहवा पुसून लिहिलं, "घोणस आहे, विषारी! हात लावू नकोस, सर्पमित्राला बोलाव!"

ती पान पुन्हा पुन्हा उघडून बघू लागली. तिला बसवेना.

"मागे आलो, ताई. कुकरसारखी फुसफुसतेय," कोंबडीवाल्यानं लिहिलं.

तेवढ्यात पडद्यावर पाटी झळकली: सभासदत्व रद्द, कारण सरांचा अवमान.

"करा रद्द!" ती ओरडली. "हात वाचला त्याचा."