खडूची खूण

या, असे जवळ सरका. गोष्ट एवढीशीच आहे, पण ती मला मोठ्यानं सांगवत नाही.

इंग्लंडातल्या डार्लिंग्टनच्या एका बैठ्या घरात, रविवारी, चॅपेलमधून परतल्यावर विल्फ हॅकेट लेकीच्या संगणकासमोर बसला होता. वय एक्याऐंशी. उभी हयात लष्कराच्या डेपोत गेलेली: रणगाडे मालगाडीच्या वाघिणींवर चढवायचे आणि साखळ्यांनी जखडायचे. लेक हिलरी पोस्टात नोकरी करायची, आणि उरल्या वेळात सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवायच्या खेळासाठी, त्याच जुन्या लष्करी वाघिणी हुबेहूब घडवायची. आठ महिने खपली होती. आज संध्याकाळी त्या जगभरच्या हौशी मंडळींच्या हाती जाणार होत्या.

"बाबा, नुसतं हूं हूं करू नकोस. तू बरोबर म्हणालास तरच मी गाडी सोडणार. खाली तुझं नावही टाकलंय, 'तपासणी: विल्फ हॅकेट'."

"मधला भाग आणखी खोल घे. रणगाड्याला पुलाखालून जायचं असतं. आणि हा रंग फार कोरा दिसतो. आमच्याकडे नवा रंग साहेब यायच्या आदल्या दिवशीच लागायचा."

"आणि साहेब गेल्यावर?"

"साहेबाच्या पॅन्टला लागलेला असायचा."

हिलरी खळखळून हसली आणि तिनं गाडी चालू केली. पडद्यावर इंजिन आलं, मागोमाग वाघिणी. पहिलीच्या कडेच्या पोलादी पट्टीवर खडूची एक खूण होती: बरोबरचं चिन्ह, त्याखाली दोन आडव्या रेघा. दुसरीवर तीच. तिसरीवरही तीच. तीस वाघिणी सावकाश पुढून गेल्या, आणि तिसांवर तीच खूण.

विल्फनं हातातला कप खाली ठेवला. "ही कुठून आणलीस?"

"फोटोतून! चौऱ्याहत्तर सालचा आहे, कुणा हौशी माणसानं कुंपणाबाहेरून काढलेला. एकाच वाघिणीचा मिळाला, तोच सगळ्यांवर चिकटवला. आळस म्हण हवं तर. पण खूण तुझीच ना? माझ्या शाळेच्या डब्यावर करायचास."

"नंबर काय त्या वाघिणीचा?"

"शेवटचे आकडे दोनशे सतरा."

डेपोत प्रत्येक माणसाची खूण वेगळी असे, आणि तिचा अर्थ एकच: वाघिणीला पूर्ण फेरी मारली, चारही साखळ्या हातानं ओढून पाहिल्या, आता ही वाघीण माझ्या शब्दावर जाते. चौऱ्याहत्तरच्या त्या दुपारी गारा पडत होत्या. दोनशे सतरावरचा रणगाडा गाडी मागे घेताना धक्क्यानं सरकला. टोकाशी डबे जोडायला वाकलेला एम्रिस प्रॉसर त्याखाली सापडला. वेल्सचा पोरगा, चोवीस वर्षांचा. काम करताना इतका गायचा की फोरमन म्हणे, याला पगार देवळानं द्यावा. चौकशीत ठपका बसला तो लोखंडावर. साखळीची कडी जुनी होती, म्हणाले. आणि विल्फनं बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, चारही पाहिल्या.

"आवडली नाही का खूण?" हिलरीचा चेहरा उतरला. "पुसते ना. एका मिनिटाचं काम. कुणाला कळायचंही नाही."

खरंच, कळलं नसतं कुणाला. इतकी वर्षं कुठं कळलं होतं? विल्फच्या ओठांवर 'पूस' आलंच होतं.

"पलीकडची बाजू दाखव," तो म्हणाला.

तिनं चित्र फिरवलं. पलीकडच्या बाजूचा फोटो तिला मिळाला नव्हता, म्हणून तिनं हीच बाजू आरशासारखी उलटवून तिकडे लावली होती. बरोबरचं चिन्ह उलटं झुकलेलं, खाली त्याच दोन रेघा.

"या बाजूला खूण नसते," विल्फ म्हणाला.

"अच्छा, एकाच बाजूला करायचात? मग इथली काढते."

"काढ. त्या बाजूला मी गेलोच नव्हतो, पोरी."

"म्हणजे फोटोतल्या दिवशी?"

"त्याच दिवशी. गारा होत्या. दोन साखळ्या ओढल्या आणि खडू चालवला. पलीकडच्या दोन सैल होत्या की घट्ट, देव जाणे. मी पाहिल्या नाहीत. एम्रिस गेला."

हिलरीचा हात माऊसवरून सरकला. एम्रिसचं नाव तिला ठाऊक होतं. त्याची बहीण ग्लेनिस दर नाताळला स्वॉन्झीहून कार्ड पाठवायची. 'माझ्या भावाच्या मित्रास,' असं त्यावर लिहिलेलं असायचं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कडी जुनी होती. चौकशीतच ठरलं ना तसं?"

"जुनी असेलही. मी पाहिली असती तर कळलं असतं." तो खुर्चीतून उठला. "गाडी आज सोडू नकोस. माझं नाव तर मुळीच घालू नकोस. ग्लेनिसला फोन लाव."

"आत्ता? ती नव्वदीला आलीय, बाबा."

"म्हणूनच आत्ता."

तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एक म्हातारा, आनंदी आवाज आला. विल्फनं डोळे मिटले.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "बसली आहेस ना? आधी बैस."

मंडळी, विल्फसाठी देवाकडे काही मागू नका. त्यानंच तसं बजावलंय. पण उद्या भजनाला बसाल, कुणाचा सूर चांगला लागेल, तेव्हा एम्रिस प्रॉसर हे नाव मनातल्या मनात एकदा घ्या.