ग्लिमर म्हणजे काय?

टेमघरला दीक्षा मॅडम बायकांना इंग्रजी शिकवायच्या. शेजारच्या कारखान्यातले कापड विणायचे लूम सुरू झाले, की व्होल्टेज पडायचं आणि क्लासमधला पिवळा बल्ब मिणमिणायला लागायचा. मॅडम त्याच्याकडेच बोट दाखवायच्या, "हा असा उजेड म्हणजे ग्लिमर."

क्लास चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला संस्थेचे मोठे सर आले, ते नेमके शुक्रवारी. आल्या आल्या त्यांनी क्लासमधल्या तुळजाकाकूंना उभं केलं, "सांगा, ग्लिमर म्हणजे काय?"

काकूंनी वर पाहिलं. बल्ब लख्ख पेटला होता. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

&nbsp;

"सर, ग्लिमर आज न्हाय. शुक्रवारी लूमला सुट्टी असते ना! उद्या या, दाखवते."